सुगंधी तेले: किती थेंब, कोठे आणि कोणासाठी?

अरोमाथेरपी म्हटले की आपल्याला मॉलमधील लव्हेंडरची नाजूक बाटली आठवते. पण ही उपचारपद्धती आपल्या घरांत त्या नावाशिवाय पूर्वीपासून आहे. सर्दी झाली की रुमालावर निलगिरीचे दोन थेंब, सांधे धरले की गंधपुरा तेल, बाळाची छाती भरली की खोबरेल तेलात कापूर वितळवून चोळणे. भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांच्या बॅगेत यांपैकी काहीतरी असतेच. काळजी घ्यायची ती मुख्यतः याच ओळखीच्या वस्तूंची.

मी डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. पण हा विषय बराचसा प्रमाणाचा आहे आणि प्रमाणाचे गणित कोणालाही करता येते. पाने, फुले किंवा साल यांतून वाफ सोडून निघणारा वासाचा अंश म्हणजे सुगंधी तेल. खोबरेल किंवा तिळेल यांच्याशी त्याचे नावापुरतेच नाते. पुष्कळ पाल्यातून थोडेसेच तेल निघते, म्हणजे बाटलीत जे असते ते अतितीव्र औषध असते. वनस्पतीपासून काढलेले म्हणून निरुपद्रवी, हा समज आधी काढून टाकावा.

कापराचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत पूर्वी सुमारे २० टक्के कापूर असलेले तेल औषधांच्या दुकानात मिळे. लोक एरंडेल समजून ते मुलांना पाजत आणि विषबाधा होई. अखेर १९८२ साली एफडीएने त्यावर बंदी घातली. आता अंगाला लावण्याच्या औषधात ११ टक्क्यांपेक्षा जास्त कापूर चालत नाही. येथील व्हिक्स व्हेपोरबमध्ये तो ४.८ टक्के असतो आणि दोन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असे डबीवरच लिहिलेले असते. देवघरातील कापूर मात्र जवळजवळ शुद्धच, आणि आपण घरी खोबरेलात किती वड्या टाकतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बंदी घातलेले तेल आपण स्वयंपाकघरात पुन्हा तयार करत असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

लहान मुलाला अर्धा-एक ग्रॅम कापूरही प्राणघातक ठरल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. आपल्या पुड्यातील दहा वड्या एकदम काट्यावर ठेवा व वजनाला दहाने भागा, म्हणजे एका वडीचा अर्थ कळेल. पांढरी, खडीसाखरेसारखी दिसणारी वस्तू रांगत्या मुलाने तोंडात घालणे किती सोपे! २००९ साली न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागातील डॉक्टरांनी कापरामुळे फिट्स आलेल्या तीन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. २०१० साली दुसऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात, भारतीय समारंभात कापूर गिळून फिट्स आलेल्या बाळाची नोंद आली. कापूर फार लवकर भिनतो. काही मिनिटांत, काहीही पूर्वसूचना न देता, फिट येऊ शकते. निलगिरी तेल पोटात गेल्यासही हाच धोका असतो. म्हणून खोकल्यासाठी साखरेवर निलगिरीचे थेंब घालून चाटवण्याची पद्धत बंदच करावी.

गंधपुऱ्याचे गणित तर धक्कादायक आहे. त्याचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेला तर तो मोठ्या माणसाच्या सुमारे २० अॅस्पिरिन गोळ्यांइतका होतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ते अंगाला चोळण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे.

मग वापरूच नये का? जरूर वापरावे, पण मोजून. एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब. दोन टेबलस्पून (३० मिलिलिटर) खोबरेल किंवा तिळेलात १२ थेंब टाकले की २ टक्के मिश्रण होते. प्रौढांना तेवढे पुरे, वृद्धांना निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात जाऊ नये, त्वचा भाजल्यासारखी होते. उघडून फार दिवस झालेल्या टी-ट्री तेलाने अॅलर्जीची शक्यता वाढते, तेव्हा बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. तान्ह्या बाळाच्या नाकाशी पेपरमिंट किंवा निलगिरी मुळीच नेऊ नये, श्वास अडकू शकतो. गर्भवती, दमेकरी आणि फिट्सचा आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने प्रयोग करू नयेत.

उपयोगाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. लव्हेंडरच्या वासाने काहींना थोडे शांत वाटते. टी-ट्रीच्या ५ टक्के जेलने मुरुमे कमी होतात, पण सावकाश. मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची भाषा कोणी केली तर पाकीट खिशातच ठेवावे. ही तेले आपल्याकडे बहुधा ओळखीच्याच कोणाकडून, चहापानाच्या निमित्ताने विकली जातात आणि नाही म्हणणे जड जाते. पण ‘थेरप्युटिक ग्रेड’ या शब्दांना कायद्यात काहीही व्याख्या नाही. विक्रेते इबोलावरही गुण येतो असे सांगत होते म्हणून २०१४ साली एफडीएने यंग लिव्हिंग व डोटेरा या दोन मोठ्या कंपन्यांना ताकीदपत्रे पाठवली होती.

मुलाने तेल किंवा कापूर तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी १-८००-२२२-१२२२ या पॉयझन हेल्पच्या क्रमांकावर लगेच फोन करावा. तो चोवीस तास विनामूल्य आहे. फिट आली किंवा श्वास अडला तर थेट ९११. उलटी काढू नये. बाटली किंवा पुडा हातात ठेवावा, आणि घरी आजी-आजोबा एकटे असतील तर फ्रीजवर चिठ्ठी लावून ठेवावी: कापूर म्हणजे कॅम्फर, निलगिरी म्हणजे युकॅलिप्टस, गंधपुरा म्हणजे विंटरग्रीन. ‘कापूर’ म्हटलेले फोनवरच्या माणसाला कळेलच असे नाही.