विश्लेषण : ड्रॅग रेसिंग करायचे आहे, पण सुरुवात कुठून?

सिन्नरच्या भोवती रुंद आणि सरळ रस्त्यांची कमतरता नाही. पुणे आणि शिर्डीकडे जाणारे महामार्ग आहेत, तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, शिवाय मुसळगाव आणि माळेगाव औद्योगिक वसाहतींतले रस्ते आहेत. रस्ता रिकामा दिसला की दोन दुचाक्या शेजारी उभ्या करून ‘बघू कोणाची पळते’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. या शर्यतीचा रीतसर खेळ आहे. त्याला नियम आहेत, परवाना आहे आणि राष्ट्रीय स्पर्धाही आहे. हौशी चालकाने त्यात पाऊल कसे टाकायचे, ते समजून घेऊ.

ड्रॅग रेसिंग म्हणजे नेमके काय?

दोन वाहने, सरळ पट्टा, थांबलेल्या स्थितीतून सुरुवात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. जागा कमी असेल तर निम्म्या अंतरावर, २०१ मीटरवरही स्पर्धा होते. बैलगाडा शर्यतीत घाटातली बारी किती सेकंदांत झाली हे पाहतात, तसाच इथेही सगळा हिशेब सेकंदांचा.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी रस्त्यांवर आणि ओसाड धावपट्ट्यांवर अशा शर्यती लावत असत. त्यांना रस्त्यावरून हटवून नियमांत आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिथली सर्वांत वेगवान ‘टॉप फ्युएल’ वाहने आज ३०५ मीटर अंतर चार सेकंदांच्या आत कापतात. आपल्याकडची १५० सीसीची नेहमीची दुचाकी पाव मैलाला ढोबळमानाने १८ ते २० सेकंद घेते. हौशी चालकाची स्पर्धा या दुसऱ्या आकड्याशी असते.

निकाल कसा ठरतो?

सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब असतो. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. पुढचे चाक प्रकाशकिरणाच्या रेषेत आले की वरचे दिवे लागतात. मग पिवळे आणि त्यानंतर हिरवा. हिरव्याच्या आधी वाहन हलले की लाल दिवा लागतो आणि चालक बाद होतो.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. हिरवा दिवा लागल्यापासून वाहन हलेपर्यंतचा वेळ हा चालकाचा ‘रिॲक्शन टाइम’. वाहनाचे घड्याळ मात्र चाक रेषेवरून सुटल्यावरच सुरू होते. समजा, पहिल्याने ०.९ सेकंदाने सुरुवात करून अंतर १४.६ सेकंदांत कापले, तर त्याची बेरीज १५.५. दुसऱ्याने ०.४ सेकंदात सुरुवात केली, पण अंतराला १४.९ सेकंद घेतले. त्याची बेरीज १५.३. म्हणजे हळू वाहनाचा चालक जिंकला. म्हणूनच इंजिनावर पैसे घालण्याआधी सुरुवातीचा सराव करावा, असे जाणकार सांगतात. क्लच झटक्यात सोडला तर चाक जागेवर फिरते किंवा पुढचे चाक उचलले जाते, फार सावकाश सोडला तर वेळ जातो.

मग रस्त्यावरच सराव केला तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाग घेणाऱ्याबरोबर शर्यत होऊ देणाराही यात येतो.

चालक अल्पवयीन असेल तर कलम १९९ अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. समृद्धीवर तर दुचाकींना प्रवेशच नाही.

कायद्यापलीकडचे कारण साधे आहे. ताशी १२० किमी वेगाने वाहन एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. ट्रॅकवर अंतिम रेषेनंतर वेग कमी करायला मोकळा पट्टा राखलेला असतो. रस्त्यावर तिथे दुभाजकाची फट असते, कांद्याची ट्रॉली असते किंवा शिर्डीला निघालेले पदयात्री असतात.

रीतसर संधी कुठे मिळते?

सिन्नर किंवा नाशिकमध्ये कायमची ड्रॅग पट्टी नाही. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा भरत आली आहे. तिथे मोटारी आणि दुचाकी दोन्ही धावतात. दुचाकींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब भरवतो. बेंगळुरूचे हेमंत मुद्दप्पा यांनी याच स्पर्धेत अनेकदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे.

देशातील मोटर स्पोर्ट्सची नियामक संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. नाव नोंदवण्याआधी स्पर्धेला या संस्थेची मान्यता आहे का, कोणता स्पर्धा परवाना लागेल आणि आपले वाहन कोणत्या सीसी गटात बसते, हे आयोजकांच्या नियमावलीत पाहून घ्यावे. रस्त्यावरचा वाहन परवाना हा स्पर्धा परवाना नव्हे.

पहिल्या स्पर्धेला काय तयारी हवी?

पहिल्यांदा आहे त्या वाहनानेच उतरावे. स्पर्धेपूर्वी तांत्रिक तपासणी होते. तेल किंवा कूलंटची गळती, झिजलेले ब्रेक पॅड, सैल चेन, घासलेले टायर, नीट परत न येणारा थ्रॉटल यांवरून वाहन नाकारले जाऊ शकते. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट हे खर्चात आधी धरावे, एक्झॉस्ट नंतर. बदल केलेले वाहन स्पर्धेला चालवत न नेता पिकअपमधून न्यावे. परवानगीविना केलेल्या बदलांवर रस्त्यावर कारवाई होऊ शकते.

विम्याचा मुद्दाही महत्त्वाचा. आपल्याकडील नेहमीच्या वाहन विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच खिशातून भरावे लागते. कर्जाच्या हप्त्यावर असलेली किंवा रोज कामावर न्यायची दुचाकी उतरवण्याआधी हा हिशेब घरी मांडावा.

प्रत्येक धावेनंतर मिळणारी वेळेची चिठ्ठी जपून ठेवावी. पहिल्या ६० फुटांचा वेळ सुधारला की पुढचा वेळ आपोआप कमी होतो.

सिन्नरला अशी स्पर्धा होऊ शकेल?

अशक्य नाही. नाशिकला मोटर स्पोर्ट्स नवे नाही. राष्ट्रीय रॅली स्पर्धेची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी इथे झालेली आहे. ड्रॅगसाठी मात्र ४०२ मीटरचा सपाट पट्टा, थांबण्यासाठी किमान तेवढीच जागा, दोन्ही बाजूंना अडथळे, प्रेक्षकांना सुरक्षित अंतर, रुग्णवाहिका आणि अग्निशमन व्यवस्था हवी. त्याबरोबर मान्यताप्राप्त क्लब आणि सरकारची लेखी परवानगीही लागेल. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, तीही नियमांच्या चौकटीत. गावोगावच्या आयोजकांनी ती कागदपत्रे जमवायला शिकून घेतले. वेगाची हौस असलेल्या तरुणांनी एखाद्या क्लबच्या मदतीने तोच अर्ज करायला हरकत नाही. तोवर ॲम्बी व्हॅलीची तारीख जाहीर होण्याची वाट पाहावी.