ऑक्सिजन-तूट प्रतिमान

नदीत मिसळलेल्या सेंद्रिय घाणीमुळे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन प्रवाहाच्या दिशेने कोठे व किती घटेल आणि त्यामुळे जलचरांवर कोणते संकट ओढवेल, याचा अंदाज देणाऱ्या गणितीय मांडणीस ऑक्सिजन-तूट प्रतिमान म्हणतात. एच. डब्ल्यू. स्ट्रीटर व ई. बी. फेल्प्स यांनी ओहायओ नदीच्या अभ्यासावरून ते १९२५ मध्ये मांडले. कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेचा विचार केल्यास त्याची उपयुक्तता व मर्यादा या दोन्ही ध्यानात येतात.

सूक्ष्मजंतू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना पाण्यातील ऑक्सिजन वापरतात. त्याच वेळी हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागातून पाण्यात शिरत असतो. प्रारंभी व्यय भरपाईपेक्षा अधिक असल्याने तूट वाढत जाते. ज्या ठिकाणी व्यय व भरपाई समान होतात, तेथे ऑक्सिजन किमान असतो. त्यापुढे नदी सावरू लागते. हे किमान स्थान सांडपाण्याच्या मुखाशी नसून बऱ्याच अंतरावर खाली असते. त्यामुळे मासे मरतात एका गावाजवळ आणि कारण असते दुसऱ्याच गावी. मत्स्यसंवर्धनासाठी भारतात पाण्यात लिटरला किमान ४ मिग्रॅ. ऑक्सिजन असणे आवश्यक मानले आहे.

तापमानाचा प्रभाव येथे निर्णायक ठरतो. गोड्या पाण्यात २०° से.ला लिटरमागे सु. ९·१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३०° से.ला तो सु. ७·६ मिग्रॅ.वर येतो. उलट, नेहमीच्या गुणकांनुसार या दहा अंशांच्या वाढीने विघटनाचा वेग सु. ५८ टक्क्यांनी वाढतो, भरपाईचा मात्र सु. २७ टक्क्यांनीच. म्हणजे उन्हाळ्यात साठा कमी, खर्च अधिक व भरपाई अपुरी अशी स्थिती होते. पाश्चात्त्य देशांत ऑक्सिजन-मागणी २०° से.ला पाच दिवसांत मोजतात. भारतात २७° से.ला तीन दिवसांत मोजण्याची पद्धत रूढ झाली, ती येथील हवामानामुळेच.

ध्रुवीय जलांत चित्र उलटे असते. शून्य अंशाजवळच्या समुद्रजलात लिटरला सु. ११·५ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो. अंटार्क्टिक समुद्रातील काही ‘हिममासे’ हीमोग्लोबिनावाचूनही जगतात, ते या विपुलतेच्या आधारावर. परंतु तेथे घाणीचे विघटन अतिशय मंद असते आणि समशीतोष्ण नद्यांवरून काढलेले गुणक जसेच्या तसे वापरता येत नाहीत. शीतजलातील प्राण्यांच्या शरीरात विष सावकाश शिरत असल्याने, नेहमीच्या ९६ तासांच्या विषबाधा चाचणीत ते पदार्थ आहेत त्यापेक्षा सौम्य भासण्याचा संभव असतो. डीडीटीसारखी द्रव्ये चरबीत साठतात. १९६० नंतरच्या दशकात ॲडेली पेंग्विनांत त्यांचे अवशेष आढळले. अशा द्रव्यांविषयी ऑक्सिजनची तूट काहीच सांगत नाही.

पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीच्या कृष्णा-संगमापर्यंत सु. ८० किमी. वाहते. वाटेत तिला कोल्हापूर शहराचे सांडपाणी जयंती व इतर नाल्यांतून, तर इचलकरंजीचे वस्त्रप्रक्रिया उद्योगांतील रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून मिळते; साखर कारखाने व आसवन्या यांचे दूषित पाणीही तीत उतरल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. स्ट्रीटर-फेल्प्स मांडणी अखंड व सारख्या गतीने वाहणारी नदी गृहीत धरते. पंचगंगेवर मात्र राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. पावसाळा सरल्यावर त्यांत बरगे घातले की नदी जवळजवळ स्थिर डोहांची मालिका बनते. संथ, खोल पाण्यात भरपाईचा वेग घटतो, घाण तळाशी बसते आणि गाळही ऑक्सिजन शोषू लागतो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला, तर हवेशी संपर्कही तुटतो.

उन्हाळ्यात बरगे काढून साचलेले पाणी खाली सोडले असता तळाचा गाळ ढवळतो व ऑक्सिजनहीन काळे पाणी एकदम पुढे सरकते. तेरवाड बंधाऱ्याजवळ मृत माशांचा खच पडल्याचे अनेकदा आढळले आहे. रोहू, कटला यांसारखे मासे अशा वेळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत राहतात. हवेतून श्वसन करू शकणारा मरळ काही काळ तग धरतो. ही घटना काही तासांची असते. महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात ती सापडण्याची शक्यता अल्प. म्हणून पंचगंगेसाठी स्थिर अवस्थेचे प्रतिमान अपुरे असून, प्रत्येक बंधाऱ्यामागील डोह स्वतंत्र टाकी मानून वेळेनुसार बदलणारे गणित करावे लागते. त्यात बरगे काढण्याची वेळ, सोडलेल्या पाण्याचे प्रमाण, गाळाची मागणी व पहाटेचा ऑक्सिजन यांची नोंद अपरिहार्य ठरते. कारण शैवाले रात्री ऑक्सिजन वापरत असल्याने त्याची पातळी सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असते. [⟶ जलप्रदूषण].