कमी दिवसांचे बाळ अंगावर कधी पिऊ लागते?

"बाळ दूध ओढतच नाही. माझंच काही चुकतंय का?" कमी दिवसांच्या बाळाची आई हा प्रश्न हमखास विचारते. तिचे काही चुकत नसते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला गर्भाचे दिवस धरून साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. पूर्ण सराव व्हायला आणखी काही आठवडे जातात.

तोपर्यंत आईचे काढलेले दूध आधी नळीने, मग बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने देतात. दूध टिकावे म्हणून २४ तासांत किमान ८ वेळा दूध काढा, रात्रीही काढा. चिकाचा थेंबही वाया घालवू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीशी धरा. यालाच कांगारू मदर केअर म्हणतात. नंतर दूध काढून घेतलेल्या स्तनाशी चोखू द्या. दूध कमी असल्याने ठसका लागण्याची भीती कमी होते. चार घोट घेऊन बाळ झोपले तर उरलेले दूध बोंडल्याने द्या. वजन वाढते आहे हे पाहून डॉक्टर बोंडल्याचे दूध हळूहळू कमी करतात. मध, गुटी, बाटली देऊ नका.

पिताना बाळ निळे पडले, श्वास अडखळला किंवा उठवूनही पिईना, तर तातडीने रुग्णालयात न्या.

घरच्यांनो, "दूध पुरत नाही" असे आईला ऐकवू नका. तिला जेवण, झोप आणि धीर द्या.