तबकडीवरचे लांडगे

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९७१ साली एक एलपी काढली. एका बाजूला अभिनेता रॉबर्ट रेडफर्डच्या आवाजात लांडग्यांची माहिती, दुसऱ्या बाजूला नुसते लांडगे. ना वाद्य, ना गायक. ‘द लँग्वेज अँड म्युझिक ऑफ द वुल्व्ह्ज’ असं तिचं नाव. याच अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातली लांडग्याची शेवटची दोन ज्ञात पिल्लं १९२६ मध्ये उद्यानाच्या रक्षकांनीच मारली होती. आता त्याच प्राण्याचं ओरडणं लोक विकत घेऊन दिवाणखान्यात लावू लागले.

प्राण्यांचे आवाज मुद्रित करण्याची हौस तशी जुनी. लुडविग कॉख या जर्मन मुलानं वयाच्या आठव्या वर्षी, १८८९ मध्ये, पाळलेल्या शामा पक्ष्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर उतरवलं होतं. हा शामा आपल्या सह्याद्रीच्या रानातही गातो. पण तेव्हाचा हेतू नवलाचा आणि अभ्यासाचा. थकल्या जिवाला बरं वाटावं म्हणून असे आवाज विकायचे, हे डोकं अर्व्ह टायबेल या न्यूयॉर्ककराचं.

टायबेलनं समुद्राची गाज मुद्रित केली, तेव्हा ऐकताना ती समुद्रासारखी वाटेचना. मग लुई गर्स्टमन या शास्त्रज्ञ मित्राच्या मदतीनं ती आयबीएमच्या संगणकातून काढली, घडवली आणि १९६९ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंट्स’ मालिकेची पहिली तबकडी आली. १९७९ पर्यंत अशा अकरा निघाल्या. म्हणजे ‘निसर्गाचा शुद्ध आवाज’ म्हणून जो माल खपला, तो पहिल्या दिवसापासून कारागिरीचाच होता. यात फसवणूक शोधण्याचं कारण नाही. मायक्रोफोन काही कान नव्हे. मात्र आजच्या मोबाइलवर रात्रभर पडणाऱ्या पावसाचं मूळ कुठं आहे, एवढं ध्यानात असावं.

लांडग्याचं प्रकरण वेगळं. लाटा कुणाला उद्देशून नसतात, लांडग्याची हाळी मात्र असते. पांगलेल्या सोबत्यांना गोळा करायचं आणि शेजारच्या कळपाला हद्द सांगायची, ही तिची कामं. फ्रेड हॅरिंग्टन आणि डेव्हिड मीच या संशोधकांनी मिनेसोटाच्या जंगलात माणसाच्या तोंडून हाळ्या देऊन लांडग्यांची उत्तरं अभ्यासली आणि १९७९ मध्ये त्याविषयी लिहिलं. एका प्राण्याची ‘इकडे फिरकू नका’ ही ताकीद दुसऱ्याला अंगाई वाटावी, यातली गंमत तबकड्यांच्या वेष्टनावर कुणी छापली नाही.

ती ताकीद प्रत्यक्ष ऐकायलाही गर्दी झाली. कॅनडातल्या अल्गोन्क्विन उद्यानात १९६३ च्या ऑगस्टमध्ये पहिली ‘पब्लिक वुल्फ हाउल’ झाली. मोटारींची रांग अंधारात रस्त्याकडेला थांबते, उद्यानाचे कर्मचारी तोंडानं हाळी देतात आणि नशीब असेल तर कळप उत्तर देतो. कर्मचाऱ्यांना मूठभर लोकांची अपेक्षा होती, आले शेकड्यांनी. फार्ली मोवॅटचं ‘नेव्हर क्राय वुल्फ’ हे पुस्तकही त्याच वर्षीचं. लांडग्याची खलनायकी उतरायला लागली ती या काळात.

देवमाशांना आवाजाचा फायदा अधिक ठळकपणे झाला. जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांची ‘साँग्ज ऑफ द हम्पबॅक व्हेल’ १९७० मध्ये आली, व्हेल बचाव चळवळीला तिनं सूर दिला आणि १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत हेच देवमासे अंतराळात गेले. सोबत पाऊस, वारा, लाटा, रातकिडे, बेडूक, एक मराठी शुभेच्छा आणि गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांचं गाणंही होतं.

पुढची गोष्ट बाजाराची. कॅनडाच्या डॅन गिब्सन यांची ‘सॉलिट्यूड्स’ मालिका १९८१ मध्ये सुरू झाली. पुढे झऱ्यांवर पियानो चढला आणि हा माल भेटवस्तूंच्या दुकानांत जाऊन बसला. ब्रिटनमध्ये २००८ साली ‘वनवर्ड’ हे डिजिटल रेडिओ केंद्र बंद पडलं, तेव्हा त्या जागी एका बागेतल्या पाखरांची किलबिल फिरून फिरून लावून ठेवली. तिला आवडीनं ऐकणारे भेटले. पुढच्या वर्षी ती काढल्यावर लोक हळहळले. २०२४ मध्ये तर ‘साउंड्स राइट’ उपक्रमानं निसर्गालाच स्पॉटिफायवर कलाकार म्हणून उभं केलं, मानधन संवर्धनाला.

याचा खरंच उपयोग होतो का? स्टॉकहोममध्ये २०१० च्या प्रयोगात चाळीस जणांना आधी गणितानं ताण दिला. नंतर कारंजं आणि पाखरं ऐकणाऱ्यांचा ताण, त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून पाहता, वाहतुकीच्या गोंगाटातल्या लोकांपेक्षा लवकर उतरला. रेचल बक्सटन आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या आढाव्यात पाण्याचे आवाज मन प्रसन्न करण्यात, तर पाखरांचे ताण घटवण्यात सरस ठरले. लांडग्याच्या वाट्याला मात्र असा दाखला आलेला नाही.

महाराष्ट्राच्या माळरानावर मेंढरं राखणाऱ्या धनगराला हा दाखला नकोच आहे. लांडगा ओरडला की तो उठून वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, पाहतो. त्याच माळांवर भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी लांडग्यांचे आवाज मुद्रित केले. २०१९ मध्ये त्यांनी या आवाजांचे चार प्रकार नोंदवले: लांब हाळी (हाळी नि भुंकणं यांचं मिश्रणही यातच), कुंईकुंई, आपसातली चीची आणि कण्हणं. हाळी सरासरी पाचेक सेकंदांची. नंतरच्या कामात हाळीवरून कोणता लांडगा ओरडतोय हे ओळखता येतं, असं दिसलं. प्राणी न पकडता त्यांची मोजदाद करायला आता ही मुद्रणं वापरता येतील.