कल्पित शब्दांचें भाषांतर

रात्रीं जेवणें आटोपलीं कीं नातवंडांना गोष्ट सांगण्याचें काम आमच्या घरीं माझ्याकडे असतें. रामायण, महाभारत, पंचतंत्र, वेताळपंचविशी असा सारा सांठा संपल्यावर गेल्या पावसाळ्यांत मुलांनींच एक इंग्रजी ग्रंथ माझ्यापुढें आणून ठेवला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही १९५४-५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झालेली प्रचंड अद्भुतकथा. मुलांना इंग्रजी वाचतां येतें. परंतु आजोबांच्या तोंडून मराठींत ऐकण्याची त्यांना हौस. मींही उत्साहानें एक वही केली आणि दिवसा चार पानें मराठींत उतरवून रात्रीं तीं वाचूं लागलों.

तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या माणसाला शब्दांची वानवा कसली? 'ऑर्क' म्हणून क्रूर, कुरूप, झुंडीनें हिंडणारे प्राणी आले. मीं लिहिलें 'राक्षस'. 'एल्फ' म्हणून सुंदर, गानप्रिय, वार्धक्य न जाणणारे लोक आले. मीं लिहिलें 'गंधर्व'. माझ्या मतें काम चोख झालें होतें. तिसऱ्या रात्रीं धाकटी नात मध्येंच म्हणाली, "आजोबा, मग ह्यांच्यांतला बिभीषण कोणता?"

मी वही मिटली. प्रश्न अगदीं रास्त होता. राक्षस हा शब्द आपल्या घरांत एकटा येत नाहीं. रावणाचें वेदाध्ययन, बिभीषणाचा विवेक, मंदोदरीचें पातिव्रत्य, घटोत्कचाचा पराक्रम हा सारा परिवार तो बरोबर घेऊन येतो. टॉल्किनच्या ऑर्कांना यांतलें कांहींच ठाऊक नाहीं. म्हणजे माझ्या एका शब्दानें दोघांवर अन्याय झाला होता. परक्या कथेंत आमचे पूर्वज घुसले, आणि आमचे राक्षस मात्र केवळ झुंडीचे पशु ठरले.

पुढें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, या बाबतींत खुद्द ग्रंथकारच भाषांतरकारांवर रागावले होते. टॉल्किन (१८९२-१९७३) हे प्राचीन इंग्रजीचे अध्यापक. त्यांचा प्रसिद्ध 'हॉबिट' हा शब्द १९३० च्या सुमारास परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एका विद्यार्थ्यानें कोरें सोडलेल्या पानावर प्रथम उतरला. उत्तरपत्रिका मींही हजारों तपासल्या. कोऱ्या पानाचा असा उपयोग मला कधीं सुचला नाहीं! शब्द आधीं जन्मला आणि कुळी मागून सांपडली. 'बीळ बांधणारा' अशा अर्थाचा जुन्या इंग्रजींतला एक सामासिक शब्द कल्पून, त्याचाच झिजून 'हॉबिट' झाला, अशी व्युत्पत्ति त्यांनीं स्वतःच नंतर रचली. आमच्या यास्काचार्यांनाही ही रीति पाहून कौतुक वाटलें असतें.

१९५६ सालीं डच भाषांतरकारानें ग्रंथांतलीं नांवें डचमध्यें उतरविल्याचें पाहून टॉल्किन संतापले. नांवांचें भाषांतर होऊंच नये, असें त्यांनीं प्रकाशकाला कळविलें. पाठोपाठ आलेल्या स्वीडिश भाषांतरानें तर त्यांचा अधिकच विरस झाला. परंतु नुसतें रागावून काम भागत नाहीं, हें त्यांनींच ओळखलें, आणि १९६६-६७ च्या सुमारास भाषांतरकारांसाठीं नांवांची एक मार्गदर्शिका तयार केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ सालीं ती छापली गेली.

या मार्गदर्शिकेमागील विचार फार सूक्ष्म आहे. टॉल्किन आपल्या ग्रंथाचे कर्तेपण घेत नाहींत. एका लुप्त भाषेंतील जुन्या पोथीचा मी केवळ अनुवादक, अशी त्यांची भूमिका. त्या जगांतली व्यवहारभाषा त्यांनीं इंग्रजींत आणली. तेव्हां ज्या नांवांचा अर्थ इंग्रज वाचकाला सहज लागतो, तीं अर्थानें आपापल्या भाषेंत न्यावींत. जीं त्यालाही परकीं वाटतात, उदाहरणार्थ एल्फ लोकांच्या भाषेंतलीं, तीं जशींच्या तशीं ठेवावींत. मूळ वाचकाला जेवढें कळतें तेवढेंच नव्या वाचकाला कळावें. अधिक नको आणि उणेंही नको.

उदाहरणें पाहावींत. 'रिव्हेंडेल' म्हणजे दुभंगलेली दरी. स्वीडिश भाषांतरकारानें त्यांत नदी पाहिली आणि नांव जलमय करून टाकलें. 'बॅगिन्स' या आडनांवांत पिशवी ऐकूं आली पाहिजे. म्हणून जर्मनांनीं 'बॉइटलिन' केलें आणि फ्रेंचांनीं 'साके'. 'ऑर्क' मात्र, केवळ लेखन आपल्या वळणाचें करून, तसाच ठेवावा असें त्यांनीं सांगितलें. 'एल्फ' हा शब्द जर्मनींत इंग्रजींतूनच गेलेला असल्यामुळें त्याला शेक्सपिअरच्या चिमुकल्या पऱ्यांचा वास येईल, अशी त्यांना भीति होती. म्हणून त्यांनीं तिकडे जुनें रूप शोधण्यास सुचविलें, आणि जर्मन भाषांतरांत 'एल्बेन' आले. माझ्या 'गंधर्वा'ची चूक याच जातीची, नव्हे काय?

असाच पेंच तेरा शतकांपूर्वीं आपल्याच ग्रंथांपायीं चीनमध्यें पडला होता. बौद्ध ग्रंथांचा अनुवाद करणारा यात्रेकरू ह्युएनत्संग याच्या नांवावर पांच नियम सांगितले जातात. धारणीसारखे गूढ शब्द, 'भगवत्' सारखे अनेकार्थी शब्द, जंबूवृक्षासारख्या चीनमध्यें नसलेल्या वस्तूंचीं नांवें, पूर्वींच्या अनुवादकांनीं रूढ केलेले शब्द, आणि 'प्रज्ञा' सारखे भाषांतरानें ज्यांचें गांभीर्य कमी होईल असे शब्द, हे पांचही ध्वनीनेंच उतरवावेत, अर्थानें नव्हे. टॉल्किनचा ऑर्क हा एका अर्थीं जंबूवृक्षच. आमच्या भूमींत तो उगवत नाहीं.

मात्र ध्वनि आणि अर्थ या दोहोंनींही भागत नाहीं असे प्रसंग येतात. मुलांच्या आवडत्या हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागांत खलपुरुषाच्या पूर्ण नांवांतलीं अक्षरें उलटसुलट करून 'मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहें' असें वाक्य बनतें. तेथें फ्रेंच भाषांतरकारानें त्याचें नांवच बदलून 'टॉम एल्विस जेदुसोर' केलें आणि तीच अक्षरें फ्रेंच वाक्यांत बसविलीं. येथें भाषांतर झालें तें शब्दाचें नव्हे, त्यांतल्या युक्तीचें.

हें सारें समजल्यावर मीं वहींतलीं चाळीस पानें पुन्हां लिहून काढलीं. हॉबिट आणि ऑर्क तसेच राहिले. रिव्हेंडेलला मीं 'चिरखोरें' म्हटलें. भेग या अर्थाची चीर त्यांत आहेच. शिवाय संस्कृत 'चिर' मुळें तेथल्या दीर्घायु रहिवाशांचीही आठवण राहते. बॅगिन्ससाठीं प्रथम 'पोतदार' जिभेवर आलें, कारण पोतें त्यांत ऐकूं येतें. पण पोतदार म्हणजे नाणीं पारखणारा, आणि आडनांव प्रत्यक्षांतलें. ऐकणारा लगेच गांव विचारणार! म्हणून 'बटवे' केलें. 'बिल्बो बटवे' म्हणतांना मूळचा अनुप्रासही टिकतो. मुलें हंसलीं, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच नांव घेऊन खेळूं लागलीं, तेव्हां तें उतरलें असें मी समजलों.

एल्फांचें कोडें मात्र सुटलेलें नाहीं. गंधर्व गेले, यक्ष म्हणावें तर कुबेराचें धन आणि मेघदूतांतला विरह पाठोपाठ येतो, पऱ्या म्हणावें तर पंख फुटतात. तूर्त वहींत 'एल्फ' असेंच लिहून पुढें पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलें आहे. सुज्ञ वाचकांपैकीं कोणास योग्य शब्द सुचल्यास अवश्य कळवावा. परंतु कळविण्यापूर्वीं तो घरांतल्या एखाद्या आठ वर्षांच्या मुलीला ऐकवून पाहावा, एवढीच विनंति.