श्रद्धा पिंजऱ्यात, कॅमेरा साक्षीला

जानेवारी 1999 मध्ये एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. माणसाच्या अंगातला सैतान काढण्याच्या विधीची नवी संहिता व्हॅटिकनने प्रसिद्ध केली. 1614 पासून चालत आलेल्या विधीची मुळापासून झालेली ही पहिलीच फेरमांडणी होती आणि तिच्यात धर्मगुरूंना एक ताकीद होती: या विधीचा तमाशा होऊ देऊ नका, तो चालू असताना प्रसारमाध्यमांना आत घेऊ नका. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' पहिल्यांदा दाखवला गेला. जंगलात बेपत्ता झालेल्या तीन विद्यार्थ्यांचे चित्रण मागाहून सापडले, अशी बतावणी करणाऱ्या या सिनेमाने 'फाउंड फूटेज' भयपटांची लाट आणली. पुढच्या वीसेक वर्षांत त्या लाटेतला एक प्रवाह नेमका चर्चने मज्जाव केलेल्या खोलीत शिरला. तिथे बांधून ठेवलेली मुलगी असते, क्रूस उगारलेला धर्मगुरू असतो आणि कोपऱ्यात हलता कॅमेरा असतो. हे सिनेमे आज सलग पाहिले तर जाणवते की वरवर ते सैतानाचे असले तरी त्यांचा खरा विषय पुरावा हा आहे. सैतान आहे की नाही, या प्रश्नाचा सोक्षमोक्ष कॅमेरा लावू शकत नाही. मात्र त्या खाटेवरच्या मुलीचे काय केले जात आहे, हे तो नक्की सांगू शकतो. ज्या दिग्दर्शकांना हा फरक कळला त्यांचे सिनेमे टिकले. बाकीचे तिकीटबारीवर चालूनही विसरले गेले.

ही मेख फाउंड फूटेजच्या आधीपासूनची आहे. विल्यम फ्रीडकिनच्या 'द एक्सॉर्सिस्ट'मधला (1973) फादर कॅरस हा मानसोपचार शिकलेला आणि स्वतःचीच श्रद्धा डळमळलेला धर्मगुरू. विधीला हात घालण्याआधी तो चाचण्या घेतो. पवित्र पाणी म्हणून नळाचे साधे पाणी शिंपडतो, तरी मुलगी तडफडते. म्हणजे हे सोंग असावे. तिची अगम्य बडबड टेपवर घेतो, तर ती उलटी वाजवल्यावर सरळ इंग्रजी निघते. म्हणजे हे निव्वळ सोंगही नसावे. एकाच खोलीतले दोन पुरावे दोन दिशांना बोट दाखवतात. प्रत्यक्षातही असे घडलेले आहे. बव्हेरियातल्या क्लिंगेनबर्ग गावी आनेलिझ मिशेल या अपस्माराचे निदान झालेल्या विद्यार्थिनीवर 1975-76 मध्ये दहा महिन्यांत 67 वेळा हा विधी झाला. 1 जुलै 1976 रोजी वयाच्या 23 व्या वर्षी ती गेली, तेव्हा तिचे वजन जेमतेम 31 किलो होते. विधी टेपवर मुद्रित केलेले होते. आईवडील आणि दोन धर्मगुरूंवर 1978 मध्ये आशाफेनबुर्ग येथे खटला चालला तेव्हा बचाव पक्षाने त्याच टेपा न्यायालयाला ऐकवल्या. भाविकांना त्यांत भुते ऐकू आली, डॉक्टरांना आजारी मुलगी. न्यायालयाने चौघांनाही निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी धरले आणि सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. तरी तिच्या कबरीवर भाविकांची ये-जा सुरूच राहिली. तासन्‌तास ध्वनिमुद्रण हाताशी असून वाद मिटला नाही, आणि पुढच्या सगळ्या सिनेमांचा पेच या टेपांत आधीच बांधलेला होता.

यावर पहिला आक्षेप असा की, हा सगळा पैशाचा मामला आहे आणि त्यात श्रद्धा, शंका वगैरे शोधणे म्हणजे नसती उठाठेव. आक्षेप खोटा नाही. ओरेन पेलीने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये काढला आणि त्याने जगभरात 19 कोटी डॉलरहून अधिक कमावले. अशा आकड्यांनंतर निर्मात्यांची रांग लागणारच. पण स्वस्ताईने आशयही बदलला. मोठ्या खर्चाच्या भयपटात भूत ही गृहीत धरलेली गोष्ट असते, प्रेक्षकाने फक्त घाबरायचे. फाउंड फूटेज मात्र सुरुवातीलाच बजावते की हा दस्तऐवज आहे. त्यामुळे प्रेक्षकाला आपोआप पंचाच्या जागेवर बसावे लागते. हे खरे कशावरून, कॅमेरा आत्ताच का हलला, दिवा कुणी घालवला, असे प्रश्न तो विचारू लागतो. स्पेनच्या '[रेक]'मध्ये (2007) बार्सिलोनातल्या इमारतीच्या सर्वांत वरच्या घरात टीव्हीच्या वार्ताहराला एक टेपरेकॉर्डर सापडतो. व्हॅटिकनने पाठवलेला माणूस तिथे बाधेचा रोगासारखा अभ्यास करत होता, हे त्यातून उलगडते. धर्म, वैद्यक आणि वृत्तवाहिनी हे तिन्ही दावेदार एका अंधाऱ्या खोलीत येतात आणि एकाकडेही उत्तर नसते.

या प्रवाहातला सर्वांत महत्त्वाचा सिनेमा डॅनियल स्टॅमचा 'द लास्ट एक्सॉर्सिझम' (2010). रेव्हरंड कॉटन मार्कस हा लुइझियानातला बोलघेवडा प्रवचनकार. लहानपणापासून व्यासपीठावर वाढलेला, श्रद्धा गमावलेला, तरी पोटासाठी सैतान उतरवणारा. आजारी मुलगा वाचला तेव्हा आपण आधी डॉक्टरांचे आभार मानले, देवाचे नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि तिथून घसरण सुरू झाली. पुढे अशाच एका विधीत एक मूल दगावल्याची बातमी त्याने वाचली. आता स्वतःच्याच धंद्याचे बिंग फोडण्यासाठी तो माहितीपटवाल्यांना सोबत घेऊन शेवटचा विधी करायला निघतो. या पात्राचा पूर्वज खऱ्या जगात आहे. बालवयात प्रवचनकार झालेल्या मार्जो गॉर्टनरने 'मार्जो' (1972) या माहितीपटात आपल्या धंद्याच्या खुब्या कॅमेऱ्यासमोर उघड केल्या होत्या, आणि त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. स्टॅमचा कॉटनही तसाच मोकळाढाकळा आहे. केळ्याच्या ब्रेडची कृती प्रवचनात घुसडली तरी लोक हालेलुया म्हणतील अशी पैज मारतो आणि जिंकतो. नेल स्वीटझर या शेतकऱ्याच्या मुलीवर तो विधी करतो तेव्हा खोलीतल्या अदृश्य तारा, धूर सोडणारा क्रूस, लपवलेल्या स्पीकरमधून येणारे सैतानी आवाज, सगळे आपल्याला दाखवून ठेवलेले असते. मुलगी बरी झाल्यासारखी वाटते, बाप पैसे देतो, कॉटन खुशीत निघतो. बुवाबाजीविरोधी प्रात्यक्षिकांत आधी चमत्कार आणि मग त्यामागची हातचलाखी दाखवतात, तसाच हा अर्धा तास आहे.

खरा सिनेमा त्यानंतर सुरू होतो. हातचलाखी उघड झाली म्हणून मुलीचा त्रास संपत नाही. ती रात्री मोटेलमध्ये येऊन उभी राहते, भावाचा गाल कापते, आणि तिला दिवस गेल्याचे कळते. आता शंका सैतानावरून माणसाकडे वळते. विधुर, दारूत बुडालेला, बायबलचा शब्दन्‌शब्द प्रमाण मानणारा बाप या मुलीशी काय वागला असेल? तो तिला साखळीने बांधतो, मग बंदूक घेऊन तिला मारायलाच निघतो. नेलच्या तोंडून बोलणारा 'सैतान' एक अश्लील शब्द चुकीचा वापरतो, तेव्हा कॉटनला वाटते की हे जगापासून तोडून वाढवलेल्या पोरीचेच बोलणे. आणखी एका प्रसंगी नेल कॅमेरा उचलून गोठ्यात नेते आणि त्याच कॅमेऱ्याने मांजर ठेचून मारते. काच रक्ताने माखते, चित्रण चालूच राहते. तटस्थ साक्षीदार म्हणून आणलेली वस्तू इथे हत्यार होते. या मुलीला आधी डॉक्टरांकडे न्यायचे की तिचे चित्रण करायचे, हा प्रश्न माहितीपटवाल्यांनी विचारलेला नव्हता. शंकेखोर कॉटनही त्यातून सुटत नाही, कारण खोटे उघड करण्यासाठी का होईना, त्याला ती मुलगी खाटेवर हवीच होती.

या सिनेमाच्या शेवटावर सडकून टीका झाली आणि ती रास्त आहे. अखेरच्या काही मिनिटांत रानात पेटलेली होळी, अंगरखे घातलेला पंथ आणि सैतानी बाळंतपण येते, आणि कॉटन क्रूस उंचावून आगीकडे चालू लागतो. तासभर ताणून धरलेली शंका एका फटक्यात विकून टाकली जाते. शिवाय चित्रण करणारेच मेले असतील, तर हे जोडले कुणी आणि त्याला पार्श्वसंगीत कुणी दिले, हा प्रश्न निरुत्तर राहतो. पण कॉटनच्या त्या चालण्यात दुसरीही एक गोष्ट आहे. त्याला श्रद्धा परत मिळाली की नाही, हे सिनेमा सांगत नाही. तोवर सगळे खोटे केलेला माणूस एका मुलीसाठी पहिल्यांदा खरे काही करायला निघतो, एवढेच दिसते. पुढे 2013 मध्ये दुसरा भाग निघाला तेव्हा निर्मात्यांनी हलता कॅमेराच काढून टाकला. शंका सोडली तसे साक्षीदाराचेही काम उरले नाही. उरला तो चारचौघांसारखा भूतपट.

उलट टोकाचे उदाहरण 'द डेव्हिल इनसाइड' (2012). व्हॅटिकनने या चित्रणाला मान्यता दिलेली नाही, अशा सूचनेने तो सुरू होतो. रोममध्ये धर्मगुरूंना हा विधी शिकवला जातो, आणि चर्चने नाकारलेली प्रकरणे दोन तरुण धर्मगुरू परवानगीशिवाय हाताळतात, ही कल्पना चांगली आहे. कॅनन कायद्याप्रमाणे बिशपच्या स्पष्ट परवानगीविना हा विधी करता येत नाही, त्यामुळे संस्थेचा संशय आणि व्यक्तीची तळमळ यांचा झगडा इथे रंगू शकला असता. तसे काहीच होत नाही. मोटार आदळते, सिनेमा तुटतो, आणि पुढचे संकेतस्थळावर पाहा, अशी पाटी येते. पहिल्याच आठवडाअखेरीस अमेरिकेत तीन कोटी डॉलरहून अधिक कमावणाऱ्या या सिनेमाला प्रेक्षकांच्या सर्वेक्षणात नापासाचा शेरा मिळाला. अपूर्ण शेवटावर प्रेक्षक चिडले, असे म्हटले गेले. पण 'ब्लेअर विच'चा शेवटही अपूर्णच होता. तिथले अपुरेपण शंकेतून आलेले होते. इथे ते जाहिरातीसाठी होते, आणि प्रेक्षकाला तो फरक बरोबर कळतो.

ब्रिटनमध्ये निघालेल्या एलियट गोल्डनरच्या 'द बॉर्डरलँड्स'ने (2013) बाजूच उलट्या केल्या. डेव्हनमधल्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी वेदीवरच्या वस्तू आपोआप हलल्या, हे तिथल्या धर्मगुरूने चित्रणानिशी कळवलेले असते. तपासायला व्हॅटिकनची माणसे येतात. चमत्कार खोटा ठरवायची सर्वाधिक घाई धर्मगुरूंना असते, आणि त्यावर विश्वास ठेवायला उत्सुक असतो तो कॅमेरे बसवायला भाड्याने आणलेला, चर्चशी देणेघेणे नसलेला तंत्रज्ञ. हे वास्तवाला धरून आहे. कॅथलिक चर्चला खोट्या चमत्कारांचा धाक बाहेरच्या टीकाकारांपेक्षा जास्त असतो, आणि 1999 ची संहिताही आधी आजाराची शक्यता तपासा असे बजावते. शेवटी हा सिनेमाही उत्तर देतो आणि ते भयंकर आहे, पण ते कोणाच्याच बाजूचे नाही. त्या जागेखाली जे आहे त्याला प्रार्थनेचे सोयरसुतक नाही आणि नास्तिकतेचेही नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. या सिनेमांत शंका घेणारा नेहमी मरतो, म्हणजे शेवटी हा श्रद्धेचा प्रचारच झाला, असे विवेकवादी समीक्षक म्हणतात. बहुतेक दुय्यम सिनेमांबाबत ते खरे आहे. पण चांगल्या सिनेमांत नुकसान कुठून सुरू होते ते पाहावे. साखळी नेलचा बाप आणतो, कारण त्याला तिळमात्र शंका नसते. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे आणि मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलेला आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला त्या साखळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. खाटेवर बहुधा तरुण मुलगीच असते, आणि तिच्याबद्दल निर्णय घेणारे बहुधा पुरुष असतात. याला शैलीचा शोषक साचा म्हणता येईल, आणि अनेक सिनेमे तो निर्लज्जपणे वापरतात. पण ज्या सिनेमांत कॅमेरा धरणाऱ्यावरही आरोप येतो, तिथे तो साचाच पुराव्यात जमा होतो.

2021 चा थायलंडचा 'द मीडियम' या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक. इसान भागातल्या निम या भगताणीवर माहितीपट करणारी टोळी तिच्या भाचीला लागलेल्या बाधेच्या मागे लागते. निमच्या अंगात येणारी बायान ही घराण्याची देवी. थोरल्या बहिणीने तिला नाकारून ख्रिस्ती धर्म पत्करलेला. मोठ्या विधीच्या आदल्या रात्री निम मरते, विधीचा धुव्वा उडतो, आणि सगळा रक्तपात संपल्यावर निमची आधीची एक मुलाखत दाखवली जाते. बायान खरेच आपल्यात होती का, हे आपल्यालाच ठाऊक नाही, असे ती रडत सांगते. भुतांचे अस्तित्व सिनेमाने दाखवलेले आहे, पण देव पाठीशी आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. इतकी टोकदार धर्मशंका हॉलिवुडच्या एकाही फाउंड फूटेजमध्ये नाही. खुद्द फ्रीडकिनने 2016 मध्ये रोममध्ये फादर गाब्रिएले अमोर्थ यांचा खरा विधी छोट्या कॅमेऱ्यावर टिपला. पुढच्या वर्षी आलेल्या त्या माहितीपटात त्याने हे चित्रण मेंदूच्या शल्यचिकित्सकांना आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवले, पण एकमुखी उत्तर मिळाले नाही. खरे चित्रणही क्लिंगेनबर्गच्या टेपांच्या पुढे एक पाऊल गेले नाही.

म्हणून या दोन दशकांचा हिशेब मांडताना, कोणत्या सिनेमाने सैतान अधिक पटवून दिला, ही कसोटी निरुपयोगी आहे. आशाफेनबुर्गच्या न्यायाधीशांनी भुते होती की नाही, याचा निवाडा करण्याच्या भानगडीत न पडता त्या मुलीला अन्न, पाणी आणि डॉक्टर मिळाले का, एवढेच विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यावरून देता येत होते. 'द लास्ट एक्सॉर्सिझम'चा मधला तासभर आणि 'द मीडियम' हे याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतात, म्हणून ते आजही पुन्हा पाहावेसे वाटतात. श्रद्धा ठेवणाऱ्याला आणि न ठेवणाऱ्याला, दोघांनाही तो प्रश्न टाळता येत नाही.