थंडी, सायकल आणि आपले हात

पौष महिना. पहाटेची वेळ. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला द्राक्षांच्या बागांवर धुके उतरलेले असते. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून जागत असतात. त्याच वेळी रस्त्याने कोणी पेपरांचा गठ्ठा घेऊन, कोणी हँडलला जेवणाचा डबा अडकवून सायकलीवर निघालेले असते. इथली थंडी भारी. पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो.

अशाच एका पहाटे आम्ही सायकल काढली. अंगात स्वेटर होता, डोक्याला मफलर होता. हात मात्र उघडे. एवढ्याशा वाटेला हातमोजे कशाला, असे आम्हाला वाटले. थोडे अंतर गेलो आणि बोटे ठणकू लागली. पुढे ठणका थांबला. आम्ही म्हटले, चला, हात सरावले. पण हात सरावले नव्हते, ते बधिर झाले होते. उतारावर एक शेळी आडवी आली. ब्रेक दाबायला गेलो, तर बोटे वळेचनात! शेळी उडी मारून निसटली. आम्ही चारीच्या काठावर आपटलो. गुडघा फुटला, एवढ्यावरच निभावले. शेळीच्या जागी एखादे पोर असते तर?

तेव्हा, गड्यांनो, थंडीत हात जपणे म्हणजे नाजूकपणा नव्हे. सायकलीचा ब्रेक आपल्या बोटांत असतो. बोटे गेली की ब्रेक गेला.

सगळे अंग गारठायच्या आधी हातच का गारठतात? पाटाचे पाणी आठवा. पाटाला पाणी कमी पडले, तर टोकाचे शेत आधी कोरडे राहते. आपल्या शरीराचेही तसेच आहे. शरीराच्या आतली ऊब 37 अंशांच्या आसपास राहावी लागते. थंडी वाजू लागली की शरीर आधी काळीज आणि मेंदू सांभाळते. हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. ऊब रक्ताबरोबर येते. रक्त कमी आले की ऊबही कमी. बोटे म्हणजे टोकाची शेते!

त्यात सायकलीवर वारा लागतो. कातडीला लागून ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. तो वारा उडवून नेतो. हवा 5 अंश असेल आणि ताशी 20 किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या कातडीला 1 अंशाइतकी थंडी जाणवते. पायांचे बरे असते. ते पायडल मारून तापतात. हात मात्र एका जागी धरलेले. त्यातून ब्रेक धातूचा. धातू बोटांतली ऊब झटकन ओढून घेतो.

आता उपाय पाहू. त्याला फार पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, छाती, कान आणि डोके झाका. अंगात ऊब असली तरच ती बोटांपर्यंत पोचेल. निघण्यापूर्वी अंगणात थोडे चाला, हात चोळा. गार हातांनी सायकलीवर बसू नका.

दुसरी गोष्ट, हातमोजे. लोकरीचे मोजे ऊब धरतात, पण त्यांतून वारा शिरतो. म्हणून आधी पातळ सुती मोजा घाला. त्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा, आणि वर लोकरीचा मोजा. पिशवी आत राहिली म्हणजे हँडलवरून हात घसरत नाही. मोजे घट्ट नकोत. घट्ट मोज्याने रक्त अडते. ओले मोजे तर नकोतच. मोजे घालून ब्रेक नीट दाबता येतो का, ते दारातच पाहून घ्या. हातमोजे नसतील तर जुने लोकरी पायमोजे हातात चढवा. कोणी हसले तर हसू दे!

तिसरी गोष्ट, सायकल. हँडलच्या उघड्या लोखंडावर जुन्या ट्यूबची पट्टी किंवा कापड गुंडाळा. ब्रेकच्या तारेला तेल द्या, म्हणजे कमी जोरात ब्रेक लागेल. उतारावर वेग आवरा. वेग कमी, तर वाराही कमी.

वाटेत बोटे ठणकू लागली की उतरा. हात खांद्यापासून गोल गोल जोरात फिरवा. रक्त बोटांकडे धावते. ठणका थांबला, पण बोटांना स्पर्श कळत नसेल, तर ती खूण वाईट. पुढे सायकल हातात धरून चाला.

काही जण म्हणतात, विडी ओढली की ऊब येते. खरे तर तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दारूनेही ऊब आल्यासारखे वाटते, पण अंगातली ऊब बाहेर निघून जाते.

आणखी एक. बधिर हात एकदम शेकोटीवर धरू नका. त्यांना चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. पाणी आधी कोपराने पाहा. ऊब परतताना मुंग्या येतील, थोडे दुखेल. घाबरू नका. मधुमेह असलेल्यांनी जास्त जपावे. दर थंडीला कोणाची बोटे पांढरी, मग निळी पडत असतील, तर त्याने डॉक्टरला दाखवावे.

आमच्या गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. आता थंडीत सायकल काढताना आम्ही आधी हवा पाहतो, मग ब्रेक पाहतो आणि मग आपले हात पाहतो. तुम्हीही पाहा. घरातले पोर सकाळच्या शाळेला सायकलीवर निघाले असेल, तर त्याचेही हात एकदा आपल्या हातात घेऊन पाहा.